एका घरात दोन शोभा

११ जानेवारी

थोरल्या जाऊबाई,

नमस्कार. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून पत्रच लिहिते.

जुनं घर विकल्यावर तुम्ही वृद्धाश्रमात गेलात आणि मी या शहरात आले, त्याला आता वर्ष होत आलं. मधले महिने भाचीकडे काढले, ते तुम्हाला माहीत आहेच. आता स्वतःची जागा घेतली आहे. तिसरा मजला, एक खोली, भिंतीला लागून ओटा. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. संध्याकाळी माणसं कामावरून येतात, एकेका मजल्यावर दिवा लागतो. मी चहाचा कप घेऊन बघत बसते. कोणाकडे कोण येतं ते मला पाठ झालं आहे. माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही. एकदा गॅसवाला आला होता, पण तो चुकून.

काम मात्र मिळालं. लाँड्री आहे मोठी. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे गाऊन, वसतिगृहातल्या मुलींचे कपडे, सगळं एकाच वाफेत. माझं काम खुणा शिवायचं. कापडाची छोटी पट्टी घ्यायची, तिच्यावर रंग न जाणाऱ्या दोऱ्यानं नाव भरायचं आणि ती कपड्याला आतून शिवायची. म्हणजे कितीही धुतलं तरी ज्याचं त्याला परत जातं.

पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी म्हटलं, "धाकटी." त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग आठवलं, म्हटलं, "शोभा." आणि खरं सांगू, म्हणताना चोरट्यासारखं झालं. तुमची वस्तू तुम्हाला न विचारता बाहेर घेऊन आल्यासारखं.

पण गंमत अशी, की हे नाव ऐकलं की प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असतंच. इस्त्रीवाला म्हणाला, "चला, दुकानाला शोभा आली." हिशेब लिहिणारी म्हणाली, "शोभेच्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवतात, तुम्ही इथे वाफेत कुठे येऊन पडलात?" हे विनोद शिळे आहेत हे मला कळतं. तुमचे तर ऐकून ऐकून कान किटले असतील. पण माझ्यावर कोणी ते केलेच नव्हते. मी घरी येऊन पुन्हा मनातल्या मनात ऐकले.

परवा खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी जिन्यातून हाक मारली, "शोभाताई, अहो शोभाताई." मी आपली वर चढतच राहिले. ओ द्यायचं सुचलंच नाही. त्या धापा टाकत माझ्या दारापर्यंत आल्या. माझ्या पिशवीतून पडलेला कांदा त्यांच्या हातात होता. "ऐकू येत नाही का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "येतं हो, पण मला वाटलं दुसऱ्या कोणाला."

तब्येतीला जपा. खिडकीशी गार वारा येत असेल तर स्वेटर घालून बसा.

तुमची,
धाकटी


२२ जानेवारी

धाकटे,

पत्र पोचलं. गॅसवाला चुकून आला हे वाचून हसले, मग हसल्याचं वाईट वाटलं.

नावाचं काय एवढं. वापर, वापर. जपून वापर म्हणजे झालं, मी ते इतकी वर्षं स्वच्छ ठेवलं आहे.

तुला ते पातेलं आठवतं का? तू लग्न होऊन घरात आलीस त्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "शोभा," आणि तू एका दारातून आणि मी दुसऱ्या दारातून, दोघींनी एकदम ओ दिली. त्यांच्या हातात तापलेलं पातेलं होतं. कोणाच्या हातात द्यावं हे ठरेपर्यंत ते खाली. त्या म्हणाल्या, "एका घरात दोन शोभा म्हणजे रोज घराची शोभा. ही थोरली, हिचं नाव हिला राहू दे. तू आजपासून धाकटी." तू म्हणालीस, "बरं." फडकं आणून जमीन पुसायला बसलीस. मला वाटलं, तुला चाललं. तुझ्या नवऱ्याची तर सोयच झाली, तो तुला कधी 'अगं'च्या पुढे गेलाच नाही.

आणि कौतुकाचं म्हणशील तर ते चार दिवसांचं असतं, हे थोरलेपणानं सांगते. मोठ्यानं हसले की आई म्हणायची, "नावाला तरी शोभेल असं हस." उशिरा उठले की, "शोभतं का हे?" दुसऱ्या मुलींना नुसतं रागावायचे, मला नावासकट रागावायचे. तुझे मोठे भाऊजी तर काय, माझ्या हातून काही सांडलं-लवंडलं की "झाली शोभा" म्हणायचे. जन्मभर म्हणाले, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखे स्वतःच हसायचे. मला इतका संताप यायचा. ते गेल्यावर पहिल्यांदा दूध उतू गेलं तेव्हा मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. कोणी काही म्हणालं नाही. मग दूध पुसलं.

इथे सगळं ठीक आहे. कॉट खिडकीजवळचीच आहे. बबड्या दर रविवारी फोन करतो. पंचेचाळिशीला आला, टक्कल पडलं, तरी पोटच्या पोराचं खरं नाव माझ्या तोंडात येत नाही. फोनवर बबड्या म्हटलं की त्याच्या घरातले हसतात म्हणे.

एक काम आहे. इथल्या धुलाईत कपड्यांची अदलाबदल होते. तू खुणा शिवतेसच, तर माझ्यासाठी दहा-बारा पट्ट्या भरून पाठव. त्यांवर नाव नको. नुसतं 'थोरली' घाल.

थोरली


४ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाई,

नमस्कार. सोबत पट्ट्या पाठवते आहे. निळ्या दोऱ्यानं भरल्या आहेत, तो सगळ्यात टिकतो. कॉलरच्या आतल्या बाजूला शिवून घ्या, काखेत शिवलात तर टोचेल.

तुम्ही 'थोरली' घाल म्हणालात, पण मी ऐकलं नाही. तिथे तुमची धाकटी कोण आहे, की तुम्ही थोरल्या? आश्रमातही थोरलेपण सुटत नाही का तुमच्याच्यानं? रागावू नका, गंमत केली. मी नावच भरलं आहे, शोभा. पट्टीवर नाव असावं, हुद्दा नसावा.

भरताना एक झालं. दिवसभर मी लोकांची नावं भरते, हात आपोआप चालतो. पण या पहिल्या पट्टीला सुई धरून बसले आणि 'शो'पाशीच अडले. शाळा सुटल्यापासून हे नाव मी कुठे नीट लिहिलेलंच नव्हतं. घरातले कागद यांनी भरायचे आणि मी सही करायची, आणि सही म्हणजे काय, एक गिरगोटी. दुसऱ्या पट्टीला जमलं. शेवटची तर इतकी छान झाली की मालकीणबाई म्हणाल्या, "ही दुकानात नमुना म्हणून लावू या." मी दिली नाही. ती पट्टी मी ठेवून घेतली. कुठे शिवली ते सांगत नाही.

मास्तरीणबाई आता अधूनमधून चहाला येतात. त्यांना शब्दांचा नाद आहे. परवा म्हणाल्या, तुमच्या नावाचं एक खेळणं आहे, शोभादर्शक. मला माहीतच नव्हतं त्याला एवढं मोठं नाव आहे, आम्ही लहानपणी नुसती नळी म्हणायचो. आत बांगडीच्या काचांचे तुकडे, नळी फिरवली की नवी नक्षी. त्या म्हणाल्या, "तुकडे तेच असतात, फक्त हलवावे लागतात." मग त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. त्यांचंही कोणी नाही.

दारावर पाटी लावली. नुसतं शोभा. आडनाव मावत नव्हतं, आणि मीही फार प्रयत्न केला नाही.

धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

पट्ट्या मिळाल्या. टाके सरळ आहेत. सांगितलं ते केलं नाहीस, पण असो. शिवून घेतल्या आहेत.

एक विचारायचं आहे. विचारू नये असं स्वतःला बजावून पाहिलं, पण जमलं नाही. तुझ्या खोलीत दुसरी कॉट मावेल का?

इथे कोणी छळत नाही. वेळेवर जेवण येतं, वेळेवर दिवे जातात. बोलणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत. पण जी ती आपल्या घराबद्दल बोलते आणि दुसरी आपली पाळी कधी येते याची वाट बघते. मला जे आठवतं ते इथे कोणालाच आठवत नाही. सासूबाई खोकल्या की शेजारचा कुत्रा भुंकायचा हे मी कोणाला सांगू? ते पातेलं पडताना पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं आहे, आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहतं.

मी भाजी निवडीन. कपड्यांच्या घड्या घालीन. जिने चढेन, सावकाश चढेन. तुझ्या मध्ये मध्ये करणार नाही, निदान सकाळी तरी. पुन्हा दोघी एका घरात राहू, तू माझी धाकटी, मी तुझी थोरली, सगळं पूर्वीसारखं.

नीट विचार करून कळव. घाई नाही. म्हणजे आहे, पण तू करू नकोस.

थोरली


१० मार्च

थोरल्या जाऊबाई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, लाँड्रीत फार काम होतं.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. इथे तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, कठडाही एका ठिकाणी हलतो. खोली लहान आहे. दुसरी कॉट मावेलही, पण मग कपाटाचं दार उघडणार नाही. पाणी पहाटे येतं आणि तेव्हा भरून ठेवावं लागतं. उन्हाळ्यात पत्रा तापतो. मी दिवसभर बाहेर असते, तुम्ही एकट्याच राहाल. तिथे निदान नर्स आहे.

पुढे बघू. पावसाळ्यानंतर विचार करता येईल.

मास्तरीणबाई सध्या गावाला गेल्या आहेत.

तब्येतीला जपा.

धाकटी


१६ मार्च

धाकटे,

पत्र पोचलं. पायऱ्या किती उंच ते कळलं, पाणी कधी येतं ते कळलं, कपाटाचं दार कसं उघडतं तेही कळलं. खरं असतं तर एकच कारण पुरलं असतं.

माझं ओझं होईल असं तुला वाटत असेल, तर ते बरोबरच आहे. होईलच. म्हातारं माणूस हलकं नसतं. मी पुन्हा विचारणार नाही आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस.

गुडघ्याला रात्री तेल लावत जा.

थोरली


३ एप्रिल

जाऊबाई,

तुमचं पत्र उशीखाली ठेवून झोपते आहे आणि झोप येत नाही. म्हणून एकदाचं खरं लिहून टाकते.

जिने आहेत, पाणी पहाटे येतं, पत्रा तापतो. सगळं खरं आहे आणि त्यातलं एकही कारण नाही. तुमचं ओझंही नाही. ओझं कसलं, इथे रविवार इतका लांब असतो की मी धुतलेले कपडे पुन्हा धुते. दुपारी समोरच्या जिन्यात कोणी दिसलं नाही की मी रेडिओ लावते, आणि त्यातल्या बाईनं "श्रोतेहो" म्हटलं की मान हलवते. अशा घरात तुम्ही आलात तर मला नको असेल का?

तुम्ही शेवटी एक लिहिलंत. 'सगळं पूर्वीसारखं.' मी ते वाचलं आणि उठून दार उघडून पाटी बघून आले.

तुम्ही आलात की मी पुन्हा धाकटी होणार. मास्तरीणबाई जिन्यातून शोभाताई म्हणून हाक मारतील आणि ओ तुम्ही द्याल. देणारच, तुमचं नाव आहे. आणि मी मागे सरेन, कारण मला तीच सवय आहे. कोणी मला सरकवणार नाही, मी आपली आपणच सरकेन.

आई गेल्यानंतर मला या नावानं कोणी हाक मारली नव्हती. यांनी तर नाहीच. दवाखान्यात शेवटच्या दिवशी यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अगं." खोलीत चार बायका होत्या. नर्स, मावशी, पलीकडच्या पेशंटची सून आणि मी. चौघींनी वळून पाहिलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत. मला वाटतं, मलाच म्हणाले असावेत. पण खात्री कोणाकडे मागू?

इथे इस्त्रीवाला रोज तोच विनोद करतो. "शोभा आली." मला त्याचा कंटाळा येत नाही. ती जास्तीची पट्टी मी माझ्या स्वेटरच्या कॉलरला आतून शिवली आहे. कोणाला दिसत नाही. मानेला थोडी लागते, तेवढं बरं वाटतं.

साठी ओलांडलेल्या बाईनं नावासाठी हटून बसावं, हे शोभत नाही म्हणाल. म्हणा. पण मला तुम्ही हव्या आहात आणि नावही हवं आहे. दोन्ही एकदम कसं मागायचं ते येत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवलं.

खाली काय सही करू ते कळत नाही, म्हणून करत नाही.


१३ एप्रिल

शोभा,

वर लिहिलेलं बघून मला स्वतःलाच पत्र लिहितेय असं वाटलं. पण नीट वाच, तुलाच आहे.

मी पट्ट्यांवर 'थोरली' घाल म्हटलं होतं ते थोरलेपणासाठी नव्हतं. इथे आधीपासून एक शोभा आहे. दाराजवळच्या कॉटवर असते. ती माझ्या आधी आली. मी आले त्या दिवशीच मेट्रनबाई म्हणाल्या, "एका खोलीत दोन शोभा झाल्या तर औषधांचा घोळ होईल. यांचं नाव यांना राहू दे, तुम्ही खिडकीवाल्या आजी." मी म्हणाले, "बरं." म्हणजे अगदी तू म्हणाली होतीस तसंच, त्याच आवाजात. 'बरं' म्हणणाऱ्या माणसाला चाललेलं नसतं, एवढं मला इथे येऊन कळलं.

दुसऱ्या आठवड्यात दारातून कोणीतरी "शोभा" म्हणून हाक मारली. मी झटकन ओ दिली, उठूनही बसले. हाक मारणारी तिची बहीण होती. ती माझ्याकडे बघून हसली, चांगलं हसली, आणि तिच्या कॉटकडे गेली. तेव्हापासून मी ओ देत नाही. परवा डॉक्टरांनी कागद बघून मला खऱ्या नावानं हाक मारली तर मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला.

तुझ्या पट्ट्यांचं काय झालं तेही सांगते. धुलाईवाल्यानं नाव वाचलं आणि माझे सगळे कपडे इमानदारीत तिच्या कपाटात नेऊन ठेवले. माझा राखाडी स्वेटर आता ती घालते. मागायला गेले होते. पण ती म्हणाली, "माझं नाव आहे ना त्यावर." तिचं चुकलं नाही. शोभूनही दिसतो तिला.

आणि बबड्या दर रविवारी फोन करत नाही. दिवाणखान्यातला फोन वाजला की मी वाट बघत नसल्यासारखी चष्मा पुसते, एवढंच.

मला एक वर्ष निघता निघेना. तू इतकी वर्षं काढलीस आणि त्यात माझं डोकंही चोळून दिलंस. मी तुला काय म्हणू ते सुचत नाही, म्हणून कामाचं लिहिते.

दारावरची पाटी आहे तशीच राहू दे. तिथे एक शोभा आहे, तेवढी पुरे. मास्तरीणबाईंना सांग, मला थोरली म्हणायचं. ते नाव मला आवडतं, कारण ते नुसतं माझं नाही, त्यात तू आहेस. जिन्यातून हाक आली तर मी गप्प बसेन. जन्माची खोड आहे, एखाद वेळी तोंडातून ओ निघूनही जाईल, तेव्हा सरळ डोळे वटारून बघायचं. मागे सरायचं नाही. दूध उतू गेलं तर "झाली शोभा" म्हणायची परवानगी मात्र मला हवी. आता ते म्हणणारं दुसरं कोणी नाही.

कपाटाचं दार उघडत नसेल तर काढून ठेव. नव्या पट्ट्या भर, आणि या वेळी सांगितलं तेच भर.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारच्या गाडीनं येते. इथल्या एका कामगाराला सोबत देणार आहेत, तो मला तुझ्या जिन्यापाशी सोडेल. चढायला लागण्याआधी मी खालच्या पायरीवर बसेन आणि तिथूनच तुला नावानं हाक मारेन. या नावानं मी आजवर कोणाला हाक मारलेली नाही, त्यामुळे आवाज कसा निघेल सांगता येत नाही. तुला वाटेल, दुसऱ्या कोणाला. पण दुसरी मीच, आणि मी तर खाली बसलेली असेन.

तेव्हा ओ दे. जरा मोठ्यानं दे, मला निम्मंच ऐकू येतं.

थोरली